भिंतीजवळची मेणबत्ती

ताई,

मी वसई तालुक्यातल्या एका गावात राहते. वय 61. गेल्या ऑक्टोबरात माझे मिस्टर गेले. एक मुलगी आहे, ती लग्न होऊन तिच्या घरी. पण मी लिहितेय ते त्याच्याही आधीच्या दुःखाबद्दल.

1987 साली मला पहिला मुलगा झाला. सातव्या महिन्यातच. सिझर करावं लागलं. तो साडेतीन तास जगला. मी गुंगीत होते, मी त्याला पाहिलंसुद्धा नाही. त्याचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झाला नाही. संध्याकाळी सासऱ्यांनी आणि मिस्टरांनी त्याला कपड्यात गुंडाळून सिमेट्रीत मागच्या भिंतीजवळ पुरलं. फादर नाहीत, घंटा नाही, क्रूस नाही. सासूबाई म्हणाल्या, बिनस्नानाची बाळं लिंबोत जातात, त्यांना देवाचं तोंड दिसत नाही, आता त्याचं नाव काढू नकोस. नाव ठेवलंच नव्हतं, काढणार काय?

मिस्टर त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण दर वर्षी 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आईवडिलांच्या कबरीवर मेणबत्त्या लावून झाल्या की एक मेणबत्ती खिशात टाकायचे आणि एकटेच मागे भिंतीकडे जाऊन यायचे. मी कधी विचारलं नाही. गेल्या वर्षी त्यांना जाऊन आठच दिवस झाले होते. मी घरातून उठले नाही. ती मेणबत्ती राहिली.

माझा भाऊ काही वर्षांपासून दुसऱ्या एका प्रार्थना मंडळीत जातो. तो म्हणतो, स्वर्गात नवरा-बायको, आई-मूल असं काही नसतं, येशूनंच सांगितलंय, तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. त्यांच्यातल्या एका बाईंना दर्शन झालं म्हणे, माझं बाळ काळोखात रडतंय. तेव्हापासून मला झोप नाही. ताई, ते दोघं भेटले असतील का? मला भेटतील का? आणि मी ज्याचं तोंडच पाहिलं नाही त्याला ओळखणार कशी?

– एक आई

*

ताई,

सगळ्यात आधी ते काळोखातलं रडणं मनातून काढून टाका. त्या बाईंना काय दिसलं ते त्यांना ठाऊक. पण ज्या लिंबोचं नाव सासूबाईंनी घेतलं, तो लिंबो मानणारे जुने पंडितसुद्धा तिथली बाळं रडतात असं म्हणत नव्हते. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी तर लिहून ठेवलंय की त्या बाळांना कसलंही दुःख नसतं. मग हे रडणं आलं कुठून? गेलेल्यांची खबर आणून देणाऱ्यांच्या नादी लागू नका, असं मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, स्पष्ट बजावलंय. कॅथलिक असो की प्रॉटेस्टंट, ते सगळ्यांनाच लागू आहे. एका आईला असं सांगून तिची झोप घालवणाऱ्या माणसाकडे देवाचा निरोप असूच शकत नाही. हे मी रागानं लिहितेय आणि तो राग मला लपवायचाही नाही. भावाला सांगा, त्या बाईंचा विषय या घरात पुन्हा नको.

आता माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी एकतीस वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते. आमच्या टेबलावर कात्री, चिमटे, कापूस यांच्याबरोबर एक स्टीलची वाटी असायची. बाळ जगणार नाही असं दिसलं आणि आईबाप ख्रिस्ती असले, तर त्या वाटीतलं पाणी बाळाच्या कपाळावर तीनदा ओतायचं आणि म्हणायचं, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देते. अशा वेळी फादरच हवेत असं नाही. कोणीही देऊ शकतं, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूसही, मनात हेतू तेवढा ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, हवा. आमच्या एक आयाबाई हिंदू होत्या, त्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवलं होतं. एका रात्री मी दुसऱ्या बाईजवळ अडकले होते, तेव्हा त्यांनीच ते केलं आणि नंतर हात पुसत मला विचारलं, सिस्टर, बरोबर म्हटलं ना मी?

हे वाचून तुमच्या पोटात कळ आली असणार. मग माझ्याच बाळाजवळ वाटी घेऊन कोणी का नव्हतं? ताई, मीही कित्येकदा नव्हते. कधी रक्तस्राव थांबत नसायचा, कधी बाईचा जीव वाचवायचा असायचा, कधी घरच्यांचा धर्म कोणी विचारलेलाच नसायचा. ती बाळं मी कपड्यात गुंडाळून बापाच्या हातात दिली. पोरगं गेलंय हे माहीत असूनही बाप त्याला जिवंत बाळासारखंच धरतो, मानेखाली हात देऊन. प्रत्येक बाप. घरी येऊन मी देवाला विचारायचे, वाटी वेळेवर पोचली नाही म्हणून तू याला परत पाठवणार आहेस का? त्या प्रश्नापायीच मी पुढे बरंच वाचलं, शहाण्या धर्मगुरूंना छळलं. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

लिंबो हा शब्द लॅटिन आहे. त्याचा अर्थ काठ. साडीला असतो तसा काठ. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन यांनी मत मांडलं की बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळांना स्वर्ग नाही, अगदी सौम्य का होईना पण शिक्षा आहे. ते लिहिताना त्यांचा स्वतःचाही जीव कासावीस होत होता. संत जेरोम यांना 415 साली पाठवलेल्या पत्रात त्यांनी कबूल केलंय की बाळांच्या शिक्षेचा विचार आला की आपण मोठ्या पेचात सापडतो आणि काय उत्तर द्यावं ते सुचत नाही. पुढे मध्ययुगातल्या पंडितांना ही शिक्षा फार कठोर वाटली. त्यांनी मधला मार्ग काढला: शिक्षा नको, पण देवदर्शनही नाही, काठावर सुखानं राहायचं. तोच लिंबो. शेकडो वर्षं तो शिकवला गेला, आजीकडून आईकडे, आईकडून सुनेकडे आला. पण ख्रिस्तसभेनं तो कधीही श्रद्धेचा बंधनकारक सिद्धांत म्हणून जाहीर केला नाही. ते एक मत होतं, दयेपोटी काढलेलं आणि तरीही अपुरं.

आता जे सांगते ते वाचताना जरा खुर्चीत बसा.

1969 साली रोमनं अंत्यविधीची नवी पद्धत छापली, तिच्यात स्नानसंस्काराआधी गेलेल्या बाळासाठी वेगळ्या प्रार्थना दिलेल्या आहेत. 1983 च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात कलम आहे की आईबापांची बाळाला स्नानसंस्कार द्यायची इच्छा होती आणि त्याआधीच ते गेलं, तर बिशपांच्या परवानगीनं त्याचा अंत्यविधी चर्चमधून करता येतो. तुमचं बाळ 1987 चं. म्हणजे त्या संध्याकाळी तुमचे सासरे आणि मिस्टर मागच्या भिंतीकडे गेले, तेव्हा दार उघडं होतं. ते उघडं आहे ही खबर तुमच्या गावापर्यंत पोचली नव्हती, किंवा पोचली होती आणि कोणी ती तुमच्या घरी सांगितली नाही.

हे कळून तुमचं दुःख वाढेल की कमी होईल, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी लिहायचं ठरवलं. कारण गेली इतकी वर्षं तुम्ही असं धरून चाललात की तुमच्या बाळाला देवानं बाहेर ठेवलं. ते खरं नाही. त्याला बाहेर ठेवलं माणसांच्या न कळण्यानं, आणि माणसांनी केलेली चूक देवावर बंधनकारक नसते.

पुढचं थोडक्यात. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात लिंबोचा उल्लेखच नाही. तिथे म्हटलंय की अशा बाळांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते, आणि ‘बालकांना माझ्याजवळ येऊ द्या’ म्हणणाऱ्या येशूची माया पाहता त्यांच्यासाठीही तारणाचा मार्ग आहे अशी आशा आपण धरू शकतो. मग 2007 च्या एप्रिलमध्ये, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीनं, व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाचा या एकाच प्रश्नावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. लिंबो मानायला त्यांनी बंदी घातली नाही. पण बाप्तिस्मा न झालेल्या बाळांचं तारण होऊन त्यांना देवाचं दर्शन घडतं, अशी आशा धरायला भक्कम आधार आहेत, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी शब्द वापरला तो आशेचा, ठाम माहितीचा नाही. मीही तुम्हाला त्यापेक्षा जास्त सांगणार नाही. पण ख्रिस्ती माणसाची आशा म्हणजे ‘बघू, जमलं तर’ असली आशा नव्हे. ती ज्याच्यावर ठेवायची त्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक असतो, म्हणून ती ठेवता येते.

सासूबाईंवर राग धरू नका असं मी म्हणणार नाही, तो तुमचा तुम्ही बघा. इतकंच सांगते, ‘नाव काढू नकोस’ म्हणणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर पाहिल्यात. त्यातल्या बऱ्याचजणींनी स्वतःचं एखादं बाळ असंच, नाव न काढता, पुरलेलं असायचं.

भावाचं म्हणणं घेऊ. तो ज्या वचनावर बोट ठेवतो ते मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. मार्क आणि लूक यांनीही ती गोष्ट सांगितलीय. सदूकी लोक येशूकडे येतात. ते पुनरुत्थान मानतच नव्हते, त्यामुळे प्रश्न अडकवण्यापुरताच होता. एक भाऊ निपुत्रिक मेला, तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याची बायको दुसऱ्या भावानं केली, तोही मेला, असे सात. मग पुनरुत्थानाच्या दिवशी ती कोणाची बायको? प्रश्न कसा मांडलाय बघा. बाई म्हणजे सातबाराच्या उताऱ्यावरची जमीन, शेवटी कोणाच्या नावावर लागणार एवढंच विचारायचं. येशू म्हणतो, तिथे लग्न करत नाहीत आणि लग्न करून देतही नाहीत. लूक त्याला कारण जोडतो: कारण त्यांना पुन्हा मरण नाही. मरणच उरलं नाही तर वंश चालवायला एका घरातून दुसऱ्या घरात कोणाला द्यायची गरज काय? एवढाच त्याचा अर्थ. ‘तिथे कोणी कोणाला ओळखत नाही’ हे वाक्य त्या अध्यायात नाही. भावाला बायबल उघडून दाखवायला सांगा, त्याला सापडणार नाही. उलट पुढच्याच ओळींत येशू अब्राहाम, इसहाक आणि याकोब अशी तीन माणसांची नावं घेतो आणि म्हणतो, तो मेलेल्यांचा देव नाही, जिवंतांचा आहे. तीन पिढ्या, आजोबा, बाप आणि नातू, आपापल्या नावानिशी देवाजवळ जिवंत. ओळख पुसली गेली असती तर नावं कशाला घेतली असती?

लग्नाचं म्हणाल तर ते खरंच मरणापर्यंतचं असतं, आपण तशीच शपथ घेतो. पण प्रीतीला मरणाची मर्यादा संत पौलानं घातलेली नाही. करिंथकरांना तो लिहितो की भाकितं संपतील, ज्ञानही संपेल, प्रीती संपणार नाही.

तुमचा भाऊ प्रॉटेस्टंट वाटेनं जाणारा आहे म्हणून आणखी एक सांगते, ते त्यालाही वाचून दाखवा. मार्टिन लूथर यांनी 1542 साली, ज्यांची बाळं गर्भात किंवा जन्मताना गेली अशा बायांसाठी एक छोटा सांत्वनपर लेख लिहिला. त्यांचं सांगणं असं की बाळाला बाप्तिस्म्यासाठी देवाकडे न्यायची आईच्या मनातली तळमळ, तिचे उसासे, ही देवापुढे खरी प्रार्थनाच असते, तिला तोंडानं शब्द सापडले नाहीत तरी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लूथर यांची स्वतःची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना वारली. या माणसाचं आणि आपल्या पोपमहाशयांचं पुष्कळ गोष्टींत पटलं नाही, पण ज्यांची बाळं गेली त्या आयांना धीर द्यायच्या बाबतीत दोघांची तोंडं एकाच दिशेला आहेत.

तुम्ही गुंगीत होतात. तरी सात महिने तुम्ही काय करत होतात? दुपटी शिवत होतात, रोझरी म्हणत होतात, कोणाला पात्रीण, म्हणजे धर्ममाता, करायचं याचा विचार करत होतात. ही इच्छा देवाच्या वहीत नोंदली गेली नाही असं तुम्हाला वाटतं का?

आता तुमचा खरा प्रश्न. जो वाचून मी पत्र बाजूला ठेवून उठले होते. ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याला ओळखणार कशी?

योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढा. मरीया माग्दालेना पहाटे येशूच्या कबरीपाशी रडतेय. मेलेल्यांतून उठलेला येशू तिच्यासमोर उभा आहे आणि तिला तो ओळखू येत नाही, माळी वाटतो. जिनं त्याला इतका जवळून पाहिला होता तिला तोंड पाहून ओळख पटली नाही. मग तो म्हणतो, ‘मरिये.’ एवढंच. नावानं हाक मारली आणि तिला ओळख पटली. एम्माउस गावाच्या वाटेवरच्या दोन शिष्यांचंही तसंच. ते मैलोन्मैल त्याच्याबरोबर चालले, बोलले आणि ओळखलं कधी, तर त्यानं भाकर मोडली तेव्हा. थोमा या शिष्याला जखमा दाखवल्या. मेल्यानंतरच्या या भेटींत माणसं चेहऱ्यावरून ओळखली जात नाहीत. आवाजावरून, हातांवरून, जखमांवरून ओळखली जातात.

आणि आवाज, ताई, त्यानं तुमचा ऐकलेला आहे. हे मी भक्तीनं नाही, सिस्टर म्हणून सांगते. सात महिन्यांच्या पोटातल्या बाळाला ऐकू येत असतं, आणि त्याला सगळ्यात जास्त ऐकू येतो तो आईचा आवाज. तुम्ही विहिरीवर कोणाशी बोललात, चर्चमध्ये मिस्सेत गाणी म्हटलीत, सासऱ्यांना जेवायला हाक मारलीत, ते सगळं तो ऐकत होता. तुम्हाला त्याची ओळख नसेल, त्याला तुमची आहे.

तोंडाचं म्हणाल, तर ते एका माणसानं पाहिलं होतं. साडेतीन तास तो बाळाजवळ होता, नंतर त्यानंच त्याला हातावर घेऊन भिंतीपर्यंत नेलं. तुमची त्या बाळाशी ओळख करून देणारा माणूस आता तिकडे आहे. हे ख्रिस्तसभेच्या कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नाही, हा माझा विचार आहे, पण मला तो सोडवत नाही.

तो बाळच असेल की मोठा झालेला असेल? लोक हे विचारायला लाजतात, तुम्हीही लिहिलं नाहीत, पण मनात आलं असेलच. याचं ठरलेलं उत्तर नाही. ऑगस्टीन यांना वाटायचं की लहानपणी गेलेली बाळं पुनरुत्थानाच्या दिवशी पूर्ण वाढलेल्या देहानं उठतील, जी वाढ त्यांच्यात बीजरूपानं होतीच. पौल करिंथकरांना दाण्याची उपमा देतो: पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते वेगळंच दिसतं, तरी ते त्याच दाण्याचं असतं. तुम्ही भातशेती पाहिलेल्या आहात. आवणाच्या वेळी हातातली मूठ आणि कार्तिकातलं शेत यांच्यात दिसायला साम्य काय असतं? पण हे भात कुठल्या दाण्याचं, असं शेतकऱ्याला कोणी विचारतं का?

ते दोघं भेटले असतील का, याबद्दल. पोप बेनेडिक्ट बारावे यांनी 1336 साली जाहीर केलं की शुद्ध झालेले आत्मे शेवटच्या दिवसाची वाट न पाहता देवाचं दर्शन घेतात. काही शुद्धी राहिली असेल तर ती होते, त्यासाठीच आपण मिस्सा ठेवतो. शुद्धीस्थान म्हणजे तुरुंग नव्हे. घरात पाऊल टाकण्याआधी शेतावरून आलेला माणूस पाय धुतो, तेवढंच समजा. कार्थेजमध्ये तिसऱ्या शतकात भयंकर साथ आली होती, माणसं पटापट मरत होती, तेव्हा तिथले बिशप संत सिप्रियन यांनी आपल्या लोकांना लिहिलं की तिकडे आपल्या माणसांची मोठी गर्दी आपली वाट पाहतेय, आईबाप, भाऊ, मुलं. मुलं हा शब्द त्यांनी घातलाय. आणि 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंही सांगितलं की मरणानं हिरावून नेलेल्या प्रियजनांशी ख्रिस्तामध्ये एकत्र येण्याची ताकद श्रद्धा देते. म्हणजे भेटीची ही आशा आपल्या आयाबायांनी मनाच्या समाधानासाठी रचलेली नाही. ती पहिल्यापासून चालत आलीय.

पहिल्यापासून म्हणजे अगदी पहिल्यापासून. साधारण सन 50 च्या सुमारास थेस्सलनीकातल्या लोकांना हीच काळजी लागली होती. प्रभू येईल तेव्हा आपण जिवंत असू, पण आपली जी माणसं मेली त्यांचं काय? पौलानं त्यांना उत्तर दिलं, की आपण त्यांच्याबरोबर मिळून प्रभूला भेटू. ‘त्यांच्याबरोबर’ असं तो म्हणतो. आणि लोक त्या उताऱ्यातलं पहिलं वाक्य अर्धंच सांगतात म्हणून लिहिते: ‘शोक करू नका’ असं पौल म्हणत नाही, ‘ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका’ असं म्हणतो. रडायला बंदी नाही. बेथानीला येशू स्वतः रडला, पाच मिनिटांत मेलेल्या लाजराला उठवणार होता तरी रडला.

दावीद राजाचं बाळ सातव्या दिवशी गेलं. तोपर्यंत तो जेवला नव्हता, जमिनीवर पडून होता. गेल्यावर उठला, अंघोळ केली आणि म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन, पण तो माझ्याकडे परत येणार नाही. बाळ गेलेल्या बाईला मी वर्षानुवर्षं हे एकच वचन सांगत आले.

आता करायचं काय ते सांगते.

बाळाला नाव द्या. आजच नको, घाई नाही. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो असं येशूनं सांगितलंय, आणि स्वर्गात माणसाला त्याचं खरं नाव सापडतं असं धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. तुम्ही ठेवलेलं नाव वाया जाणार नाही. मिस्टरांच्या मनात एखादं होतं का, त्यांच्या भावंडांना विचारून बघा. माणसं अशा गोष्टी बायकोला सांगत नाहीत आणि मित्राला सांगतात.

मग तुमच्या धर्मगुरूंना भेटा आणि त्या नावानं मिस्सा ठेवायला सांगा. ज्याचा स्नानसंस्कार झाला नाही त्याच्यासाठी मिस्सा चालते का, असं कोणी विचारलं तर चालते. जिवंत वा मृत, कोणासाठीही मिस्सा अर्पण करायला धर्मगुरूला मोकळीक आहे, तसं कायद्यातच लिहिलंय. मिस्सेआधी नावं वाचतात तेव्हा बापाचं आणि मुलाचं नाव एका ओळीत वाचायला सांगा. अडतीस-एकोणचाळीस वर्षांनी ते नाव चर्चमध्ये मोठ्यानं उच्चारलं जाईल. पुढच्या बाकावर बसा.

मुलीला सांगा की तिला एक थोरला भाऊ होता. तिला कदाचित माहीत असेल. सिमेट्रीत बाप मागे कुठे जातो हे लहान मुली बघत असतात. तिला बरोबर न्या.

आणि झोप. देवावर श्रद्धा आहे म्हणून डॉक्टरकडे जायचं नाही असं करू नका. नवरा गेल्यावर जुनं दुःख असं एकदम वर येतं, दोन्ही एकाच वेळी सोसायची वेळ येते आणि शरीर थकतं. फॅमिली डॉक्टरांना सगळं सांगा, बाळाचंही.

भिंतीजवळची नेमकी जागा आता सापडणार नाही याची काळजी वाटत असेल तर एक गोष्ट सांगून थांबते. ऑगस्टीन यांची आई मोनिका, तिची फार इच्छा होती की आपल्याला आफ्रिकेत, आपल्या नवऱ्याशेजारी पुरावं. 387 साली ती परक्या देशात, ओस्तिया बंदरावर आजारी पडली. तेव्हा मुलांना म्हणाली, हे शरीर कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका, एवढंच मागते की जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा. ज्या ऑगस्टीननं बाळांबद्दल इतकं कठोर लिहिलं, त्याच्याच आईचे हे शब्द, आणि त्यानंच ते जपून ठेवले. तुमच्या मिस्टरांनी हे वाचलं असेल-नसेल. पण दर वर्षी एक मेणबत्ती खिशात ठेवून ते हेच करत होते. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं की अशी परवानगी आहे. त्यांनी विचारलंही नाही. ते बाळासाठी देवापुढे उभे राहून आले, वर्षातून एकदा, न चुकता.

गेल्या वर्षीची राहिली त्याचं मनाला लावून घेऊ नका. आठ दिवसांची विधवा सिमेट्रीत गेली नाही म्हणून कोणाचा हिशेब चुकत नाही. या 2 नोव्हेंबरला जा. आधी मिस्टरांच्या कबरीवर, सासू-सासऱ्यांच्याही. मग मागे. संध्याकाळी तिथे वारा असतो, नुसती मेणबत्ती टिकणार नाही. जाड बुडाची घ्या, नाहीतर काचेच्या ग्लासात लावा. भिंतीच्या बाजूला बसायला जागा असेल तर जरा बसा आणि मोठ्यानं बोला. आवाज त्याच्या ओळखीचा आहे.

नाव ठरलं की मला कळवा. मला छापायचं नाही. माझ्या मिस्सेच्या यादीत घालायचं आहे.

तुमची,
ताई